बीबीसी बघत नाही, मग टीव्हीचं लायसन्स कशाला?

पत्राचा सारांश : नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला गेलेल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. रेडिंगजवळ भाड्याचं घर, चार वर्षांची मुलगी आणि सध्या सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे. घरी अधूनमधून ‘कायदेशीर रहिवासी’ अशा बिननावाच्या पत्त्यावर एक पाकीट येतं. आत ठळक अक्षरांत इशारा असतो, की या घराला टीव्हीचं लायसन्स नाही. नवरा म्हणतो, आपण बीबीसी बघतच नाही, टाक कचऱ्यात. घरात अँटेना जोडलेला नाही हे खरं. पण सासरे टीव्हीवर यूट्यूब लावून दिवसभर मराठी बातम्या लाइव्ह बघतात, सासूबाईंच्या मालिका ॲपवर चालतात आणि मुलीला बीबीसीच्या आयप्लेयर ॲपवर सीबीबीज ही लहान मुलांची वाहिनी लावून देताना ‘तुमच्याकडे टीव्ही लायसन्स आहे का?’ या प्रश्नाला त्या दर वेळी ‘आहे’ म्हणून बटण दाबतात. ते मनाला टोचतं, असं त्या लिहितात. नवऱ्याच्या मते ही सक्तीची वसुली आहे आणि पैसे न भरणं हा असहकार आहे; नेटफ्लिक्ससारखी वर्गणी ठेवावी, ज्याला हवं तो भरेल. सासरे म्हणतात, आपल्याकडेही रेडिओचं लायसन्स होतं, ते कधीच रद्द झालं. पुढे आयएलआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा अर्ज करायचा आहे, त्यात अडचण येईल का, ही त्यांची भीती. आणि शेवटचा प्रश्न : ‘आम्ही चोरी करतोय का? नियमच चुकीचा असेल तर तिला चोरी म्हणायचं का?’

नमस्कार,

तुमच्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. आज कायदा काय सांगतो, हा पहिला. तो कायदा न्याय्य आहे का, हा दुसरा. आणि बीबीसीसारख्या सार्वजनिक संस्थेचा खर्च कुणी आणि कसा उचलावा, हा तिसरा. तुमच्या घरात तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नाला लावलं जातंय. ‘वर्गणी असायला हवी’ असं तुमच्या यजमानांचं मत आहे आणि ते मत बाळगायला काहीच हरकत नाही. पण वर्गणी असायला हवी म्हणून आज लायसन्स लागत नाही, असं होत नाही. गाठ सुटायची असेल तर आधी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू.

‘आम्ही बीबीसी बघत नाही’ हे वाक्य ब्रिटनमधल्या मराठी घरांत मी इतक्या वेळा ऐकलंय, की तिथूनच बोलायला हवं. लायसन्सचे पैसे बहुतांशी बीबीसीला जातात, पण लायसन्स बीबीसीपुरतं नाही. कोणत्याही वाहिनीचा, कोणत्याही देशातला, कोणत्याही भाषेतला कार्यक्रम तो प्रसारित होत असताना बघायचा किंवा रेकॉर्ड करायचा असेल, तर लायसन्स लागतं. मग तो अँटेनावर येवो, डिशवर येवो, ॲपवर येवो की यूट्यूबवर. टीव्हीवर बघा, लॅपटॉपवर बघा, नाहीतर फोनवर. म्हणजे मुंबईहून प्रसारित होणारी मराठी वृत्तवाहिनी तुमचे सासरे यूट्यूबवर लाइव्ह लावतात, तेव्हा कायद्याच्या नजरेत तुमच्या घरात टीव्ही चालू असतो. अनंत चतुर्दशीला लालबागच्या राजाची मिरवणूक एखादी वाहिनी थेट दाखवत असेल आणि तुम्ही ती बघत असाल, तरी तेच. क्रिकेटचा सामना प्राइम व्हिडिओवर लाइव्ह बघितला, तरी तेच.

आयप्लेयरचं वेगळं आहे. १ सप्टेंबर २०१६ पासून आयप्लेयरवर बीबीसीचं काहीही बघायला लायसन्स लागतं, कार्यक्रम लाइव्ह असो वा महिन्यापूर्वीचा. त्याआधी जुने भाग बघायला लागत नव्हतं, त्यामुळे ‘आयप्लेयर फुकट असतो’ ही समजूत अजून काही लोकांत टिकून आहे.

आणि लागत नाही कशाला? नेटफ्लिक्सवरच्या सिनेमाला, यूट्यूबवर आधीच चढवलेल्या व्हिडिओला, झी फाइव्हवरच्या मालिकेच्या जुन्या भागाला, आयटीव्ही किंवा चॅनेल फोरच्या ॲपवर मागाहून बघायच्या कार्यक्रमाला, डीव्हीडीला, रेडिओला. नुसता टीव्ही घरात आहे म्हणूनही लागत नाही. सासूबाई ॲपवर कालचा भाग आज बघत असतील, तर त्यांच्या मालिकेला लायसन्सची गरज नाही. त्याच ॲपवर रात्री आठ वाजताची वाहिनी जशी चालू आहे तशी लावत असतील, तर आहे.

तेव्हा सरळ सांगते. तुमच्या घराला आज लायसन्स लागतं, आणि ते दोन कारणांनी : सासऱ्यांच्या बातम्या आणि लेकीचं सीबीबीज. चोरी हा शब्द तुम्ही स्वतःला लावू नका, कायदाही तो लावत नाही. कायद्यानं हा लायसन्स न घेण्याचा गुन्हा आहे, त्याला दंड आहे, आणि उद्यापासून तो न करणं तुमच्या हातात आहे.

त्याला दोन वाटा आहेत. दोन्ही प्रामाणिक आहेत, त्यामुळे एक बरी आणि एक वाईट असं मी म्हणणार नाही.

पहिली, लायसन्स काढायचं. १ एप्रिल २०२५ ला वर्षाचा दर १७४.५० पौंड झाला, म्हणजे तेव्हाच्या दरानं महिन्याला साडेचौदा पौंड. महागाईप्रमाणे दर एप्रिलात तो बदलतो. हप्त्यानं भरता येतो, मात्र पहिल्या वर्षी डायरेक्ट डेबिट लावलं तर पूर्ण रक्कम साधारण सहा महिन्यांत कापून घेतात, त्यामुळे सुरुवातीचे हप्ते दुप्पट वाटतील. दचकू नका, पुढच्या वर्षी बारा महिन्यांवर विभागले जातात. एका पत्त्याला एक लायसन्स पुरतं. घरातले तीन टीव्ही, चार फोन आणि पाहुणे म्हणून आलेले सासू-सासरे सगळे त्यात आले. सासरे परत गेल्यावर तुम्हाला त्याची गरज उरली नाही, तर ते रद्द करून उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागता येतात.

दुसरी वाट, बघण्याची सवय बदलायची. आयप्लेयर काढून टाकायचा. बातम्या लाइव्ह लावायच्या नाहीत. वाहिन्या आपल्या बातमीपत्रांचे तुकडे लगेच यूट्यूबवर टाकतात, ते बघायचे. आणि मग लायसन्सचं काम बघणाऱ्या ‘टीव्ही लायसेन्सिंग’च्या संकेतस्थळावर ‘आम्हाला लायसन्सची गरज नाही’ असं कळवायचं. ती पाकिटं त्यानंतर थांबतात, अधूनमधून पुन्हा विचारणा होते आणि खात्री करायला कुणी येऊही शकतं.

तुमच्या घरासाठी मला पहिली वाट सोपी वाटते. कारण दुसऱ्या वाटेनं गेलात तर सत्तरीच्या माणसाच्या हातातला रिमोट दिवसातून दहा वेळा तपासायची जबाबदारी तुमच्यावर येईल. ‘बाबा, ते लाइव्ह आहे, बंद करा’ हे सुनेनं सासऱ्यांना सहा महिने सांगत राहायचं, यात घराची शांतता लायसन्सच्या हप्त्याहून महाग पडेल. पण सासू-सासरे नसतील, मूल मोठं असेल आणि सगळं बघणं नेटफ्लिक्स-यूट्यूबवर असेल, अशा वाचकांनी दुसरी वाट निवडण्यात गैर काहीच नाही. गरज नसताना केवळ पाकिटाच्या धाकानं पैसे भरणारीही घरं आहेत. त्यांनीही भरू नयेत.

आता ज्यावर तुमच्या घरात बोलणं झालेलं दिसत नाही, ते. पाकीट कचऱ्यात टाकायचा निर्णय यजमानांचा आहे. पण सकाळी अकराला दारावर टकटक झाली तर दार कोण उघडणार? तुम्ही. तपासायला आलेला माणूस जबाब नोंदवतो तो दारात उभ्या असलेल्या प्रौढ व्यक्तीचा, आणि खटला झाला तर तो बहुधा तिच्याच नावावर होतो. इंग्लंड-वेल्समध्ये या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांत अलीकडच्या वर्षांत सत्तर टक्क्यांहून जास्त बायका होत्या. बायका जास्त टीव्ही बघतात म्हणून नव्हे. दिवसा घरी त्या असतात, दार त्या उघडतात आणि समोरचा विचारेल त्याला उत्तरही त्याच देतात. यातल्या बहुतेक खटल्यांत आरोपी न्यायालयात उभीही राहत नाही. घरी आलेल्या कागदाला उत्तर दिलं नाही, तर एकटा मॅजिस्ट्रेट बंद खोलीत कागदपत्रं वाचून निकाल देतो. इंग्रजी कागदांना घाबरून ते फडताळात ठेवून देणाऱ्या बाईचं यात काय होत असेल, याची कल्पना करा. मला या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

म्हणून यजमानांशी बोलताना ‘मला भीती वाटते’ एवढंच म्हणून थांबू नका. ‘तत्त्व तुमचं आहे, पण नाव माझं लागणार आहे’ हे त्यांना स्पष्ट सांगा. मला वाटतं, त्यांनी या बाजूनं विचारच केलेला नसावा.

कुणी दारात आलंच, तर काय करायचं हेही ठाऊक असू द्या. तो माणूस पोलीस नसतो. तुमच्या परवानगीशिवाय त्याला घरात पाऊल टाकता येत नाही; जबरदस्तीनं यायचं तर न्यायालयाचं वॉरंट लागतं. त्याचं ओळखपत्र मागा. त्याच्या प्रश्नांना उत्तर देण्याची सक्ती तुमच्यावर नाही, ‘माझे यजमान घरी आल्यावर आम्ही लेखी कळवू’ एवढं बोलून दार लावता येतं. मात्र खोटं बोलू नका आणि न वाचता कशावरही सही करू नका. आणि न्यायालयाकडून टपाल आलं तर ते त्या इशाऱ्यांच्या ढिगात जाऊ देऊ नका. त्याला मुदतीत उत्तर द्यायचंच. भाषेची अडचण असेल तर जवळच्या सिटिझन्स ॲडव्हाइसच्या कार्यालयात जा, तिथला सल्ला विनामूल्य असतो.

आयएलआरची भीती तुम्ही लिहिली आहे. कमाल दंड १,००० पौंड आणि वर खटल्याचा खर्च, एवढी या गुन्ह्याची शिक्षा आहे. लायसन्स नाही म्हणून थेट तुरुंग नाही. ठोठावलेला दंड जाणूनबुजून भरला नाही, तर ती वेळ येऊ शकते. पोलिसांच्या गुन्हेगारी नोंदीत ही शिक्षा सहसा जात नाही. पण कायम वास्तव्याच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जांत न्यायालयीन शिक्षांविषयी थेट विचारलेलं असतं, आणि तिथे लपवलेली गोष्ट मूळ दंडापेक्षा जड जाते. तुम्हाला आजवर ना जबाब द्यावा लागलाय, ना समन्स आलंय. आज लायसन्स काढलंत तर हा विषय इथेच संपतो. ज्या वाचकांना खरोखर शिक्षा झालेली आहे, त्यांनी मात्र अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं, व्हॉट्सॲपच्या गटाला नव्हे.

तुमच्यासारख्याच इतर काहींसाठी दोन-तीन गोष्टी इथेच सांगून टाकते. घर वाटून राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा भाडेकरार सगळ्यांचा मिळून एक असेल, तर एक लायसन्स चालतं. प्रत्येकाचा खोलीपुरता वेगळा करार असेल, तर लाइव्ह बघणाऱ्या प्रत्येकाला आपापलं. पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांना पूर्वी ते मोफत होतं, १ ऑगस्ट २०२० पासून त्यांतल्या फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना मिळणारी सरकारी मदत) मिळणाऱ्या घरांना मोफत आहे. आपल्यातल्या कित्येक ज्येष्ठांना पेन्शन क्रेडिट मिळू शकतं आणि त्यांनी ते मागितलेलंच नसतं, तेव्हा आधी त्याची चौकशी करा. दृष्टी गंभीररीत्या अधू असलेल्यांना लायसन्स निम्म्या दरात मिळतं.

आता असहकाराकडे येऊ. हा शब्द तुमच्या यजमानांनी वापरला आणि तो आपल्याकडे हलक्यानं घेण्याचा शब्द नाही. गंमत म्हणजे याच लायसन्सच्या बाबतीत ब्रिटनमध्ये खराखुरा असहकार झालेला आहे. १९७९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षानं वेल्श भाषेतल्या वाहिनीचं आश्वासन दिलं आणि सत्तेत आल्यावर ते मागे घेतलं. वेल्समध्ये संताप उसळला. दोन हजारांच्या आसपास लोकांनी जाहीर केलं, की आम्ही टीव्हीचं लायसन्स भरणार नाही, तुरुंगात टाका. मे १९८० मध्ये प्लाइड कम्री या वेल्श पक्षाचे अध्यक्ष ग्विन्फर एव्हन्स यांनी घोषणा केली, की वचन पाळलं नाही तर ऑक्टोबरपासून मी आमरण उपोषणाला बसेन. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. सप्टेंबरमध्ये मार्गारेट थॅचर यांचं सरकार नमलं, आणि १ नोव्हेंबर १९८२ ला एसफोरसी ही वेल्श वाहिनी सुरू झाली.

त्या लोकांनी नावानिशी, उघड, काय मागतोय ते सांगून पैसे अडवले आणि परिणाम अंगावर घ्यायची तयारी ठेवली. तुमच्या घरात मात्र ‘लायसन्स आहे’ असं बटण दाबून कार्यक्रम बघितला जातोय. त्यातून सरकारला काही कळत नाही, बीबीसीला काही कळत नाही, आणि बटण तुम्ही दाबता म्हणून टोचणीही तुमच्याच वाट्याला येते. यजमानांना खरोखर असहकार करायचा असेल तर त्यांनी आयप्लेयर बंद करावा, लाइव्ह काही बघू नये आणि ‘आम्ही तुमचे ग्राहक का नाही’ हे पत्र लिहून कळवावं. तो असहकार मी मानेन. असं करणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि तिचा दबाव बीबीसीला जाणवतोही आहे.

राहिला वर्गणीचा मुद्दा. तो नवा नाही. १९८६ मध्ये ॲलन पीकॉक या अर्थतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं पुढेमागे वर्गणीकडे जावं असंच सुचवलं होतं. तरी चाळीस वर्षांत ते झालं नाही, आणि त्याला बीबीसीचा हट्ट एवढंच कारण नाही. ब्रिटनमध्ये लाखो घरं आजही फ्रीव्ह्यूवर, म्हणजे छपरावरच्या अँटेनावर टीव्ही बघतात. ते प्रक्षेपण कुलूपबंद नाही. पैसे न भरणाऱ्या घराचं बीबीसी वन तेवढं बंद करायची सोय त्यात नाही. आयप्लेयरला कुलूप लावणं सोपं आहे, आणि तुम्ही जे बटण दाबता त्याच्या जागी लायसन्सचा क्रमांक विचारला तर निम्मा प्रश्न मिटेल, असं मलाही वाटतं. पण रेडिओचं काय करणार? रेडिओला वेगळं लायसन्स लागणं १९७१ मध्येच थांबलं, तो चालतो टीव्हीच्या लायसन्सवर. स्थानिक रेडिओ केंद्रं, एशियन नेटवर्क, बीबीसीचे वाद्यवृंद, शाळेच्या मुलांसाठीचं बाइटसाइझ, सगळं त्याच पैशातून. जानेवारी २०२१ मध्ये टाळेबंदीनं शाळा पुन्हा बंद झाल्या तेव्हा बीबीसीनं रोज काही तास टीव्हीवर वर्ग भरवले. ज्या घरात इंटरनेटचे पैसे नव्हते, लॅपटॉप नव्हता, त्या घरातली मुलं ते बघू शकली. वर्गणी असती तर नेमकी तीच घरं बाहेर राहिली असती.

आणि भाषेचं काय? २०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार होते. एवढ्याशा वर्गणीवर रोजच्या बातम्या, मालिका, मुलांचे कार्यक्रम असलेली वाहिनी उभी राहणं मला तरी शक्य दिसत नाही. एसफोरसीचा सार्वजनिक निधी २०२२ पासून पूर्णपणे लायसन्स फीमधून येतो. म्हणजे लीड्समधल्या ज्या माणसाला वेल्शचा एक शब्द कळत नाही, तोही तिला हातभार लावतो. ‘मी बघत नाही ते मी का भरू’ हे सूत्र सगळ्यांनी लावलं, तर सर्वांत आधी लहान भाषा गप्प होतील. आपण मराठी माणसांनी हे सूत्र उचलण्याआधी दोनदा विचार करावा, असं मला कळकळीनं वाटतं.

त्यात आपला स्वतःचाही धागा आहे. बीबीसी मराठी ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाली. वर्ल्ड सर्व्हिसच्या, म्हणजे बीबीसीच्या जगभरातल्या श्रोत्या-वाचकांसाठीच्या सेवेच्या विस्तारासाठी ब्रिटिश सरकारनं तेव्हा वेगळा निधी दिला होता, त्यातून मराठीबरोबर गुजराती, पंजाबी, तेलुगूही सुरू झाल्या. एरवी वर्ल्ड सर्व्हिसचा मोठा भार लायसन्सच्या पैशावर आहे. एप्रिल २०२४ पासून भारतातल्या भाषांचं काम कलेक्टिव्ह न्यूजरूम ही भारतीय कंपनी बीबीसीसाठी करते. सांगलीत बसून बीबीसी मराठीवर बातमी वाचणाऱ्या माणसानं त्यासाठी काही मोजलेलं नाही. ते कुणीतरी दुसऱ्यानं मोजलं, आणि त्या ‘कुणीतरी’मध्ये तुमच्या गल्लीतले शेजारी आहेत.

सासऱ्यांचं म्हणणं खरं आहे. आपल्याकडे पोस्टात जाऊन दर वर्षी रेडिओच्या लायसन्सचं नूतनीकरण करावं लागायचं. १९८० च्या दशकात ते रेडिओचंही गेलं आणि टीव्हीचंही. पण पुढची गोष्टही त्यांना आठवत असेल. लायसन्सचे पैसे गेले, तेव्हा दूरदर्शनचा खर्च कुठून निघाला? जाहिरातींतून आणि सरकारी तिजोरीतून. १९९० चा प्रसार भारतीचा कायदा १९९७ मध्ये अमलात आला, आकाशवाणी-दूरदर्शन कागदोपत्री स्वायत्त झाले, पण पगार आजही सरकारी अनुदानावर होतात. सत्तेत कुणीही असो, सरकारची बाजू बातम्यांत कशी येते ते तुमच्या सासऱ्यांच्या पिढीनं पुरेपूर पाहिलंय. अमेरिकेतही २०२५ मध्ये काँग्रेसनं सार्वजनिक प्रसारणासाठी आधी मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर एका कायद्यानं परत घेतले. सरकारी अनुदान हे असं असतं, एका राजकीय लाटेत जातं. सासऱ्यांना विचारून बघा, दूरदर्शनच्या बातम्या सोडून ते दिवसभर खासगी वाहिन्या का लावतात?

तरीही आजच्या ब्रिटिश लायसन्सचं समर्थन मी करणार नाही. महालात राहणारा आणि फूड बँकेतून धान्य आणणारी आई एकच रक्कम भरतात, हे मला अन्यायाचं वाटतं. न भरणारीला फौजदारी न्यायालयात खेचणं तर त्याहून. वीजबिल थकलं तर कुणाला गुन्हेगार ठरवत नाहीत. पण यातून सुटायला वर्गणी हा एकच रस्ता नाही. जर्मनीत २०१३ पासून टीव्ही असो-नसो, दर घरामागे ठरावीक रक्कम घेतात आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना ती माफ होऊ शकते. तिथे कुणाच्या खिडकीतून टीव्ही दिसतोय का हे तपासावं लागत नाही. स्वीडननं २०१९ पासून उत्पन्नाच्या एक टक्का, वरची मर्यादा ठरवून, करासोबत घ्यायला सुरुवात केली. फिनलंडनंही उत्पन्नावर आधारलेला वेगळा कर लावला आहे. उत्पन्नाप्रमाणे, सगळ्यांकडून, आणि सरकारच्या वार्षिक लहरीपासून दूर ठेवलेला पैसा, ही व्यवस्था मला सर्वांत बरी वाटते. तुमच्या यजमानांना ती पटेलच असं नाही. पण ‘लायसन्स की नेटफ्लिक्स’ या दोनच पर्यायांवर घरात भांडण होण्यापेक्षा या तिसऱ्यावर चर्चा व्हावी.

ही चर्चा आत्ताच करण्यासारखी आहे, कारण बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते आणि त्यानंतर पैसा कसा उभा करायचा हे ठरायचं आहे. परदेशी माणसाला यात कोण विचारतो, असं तुम्हाला वाटू शकेल. पण राष्ट्रकुल देशाच्या नागरिक म्हणून, भारतीय पासपोर्ट असतानाही, ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणाऱ्या तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. कित्येक मराठी कुटुंबांना वर्षानुवर्षं तिथे राहूनही हे माहीत नसतं. मतदार नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर काही मिनिटांत होते, मग खासदाराला मतदार म्हणून लिहिता येतं. यजमानांनी वर्गणीच्या बाजूनं लिहावं, तुम्ही तुमच्या मनातलं लिहा; दोघांची पत्रं वेगळी असली तरी चालेल. फक्त दार उघडणाऱ्या बायकांवर होणाऱ्या खटल्यांबद्दल दोघांनीही एक परिच्छेद जरूर घाला.